माणसांनी लावलेली यादी, यंत्राने घेतलेला शोध

सिंगापूर सरकारची एक ऑनलाइन निर्देशिका आहे. आधी मंत्रालय, मग त्याखालचा विभाग, अशा पायऱ्यांनी हव्या त्या कार्यालयापर्यंत पोचता येतं. ही मांडणी माणसांनी केलेली. याहूची निर्देशिकाही १९९४ साली अशीच सुरू झाली; संकेतस्थळं अफाट वाढली, वर्गवारी करणारे हात अपुरे पडले आणि २०१४ मध्ये ती बंद झाली. गूगलसारखं शोधयंत्र आपोआप पानं वाचून शब्दांची सूची ठेवतं, म्हणून कोपऱ्यातलं पानही सापडतं. पण तिथे वर जाहिराती येतात, क्वचित बनावट स्थळंही. सिंगापूरला निघालेल्या मुलांना एवढं जरूर सांगा: नोकरीच्या परवान्यासाठी मनुष्यबळ मंत्रालयाकडे सरकारी निर्देशिकेतूनच जा.