डॉक्टरांना सगळं सांगा

भांडी-धुणं आटोपलं असेल, तर जरा टेका आणि ऐका. आज मुतखड्याबद्दल बोलायचं आहे. लाजू नका. लघवीची दुखणी बायकांनाही होतात आणि लपवली की वाढतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या कुशीत मोठी कळ आली. सोनोग्राफीत चार मिलिमीटरचा खडा निघाला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही. एवढा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. गोळ्या घ्या, रोज अडीच-तीन लिटर पाणी प्या आणि महिन्यानं दाखवा." हे त्यांनी मनानं नव्हतं सांगितलं. खूप रुग्णांचा अनुभव तपासून तज्ज्ञ डॉक्टर उपचारांचे नियम ठरवतात, त्यातलाच हा एक.

महिन्यानं पाहिलं, तर खडा तिथंच. मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पिता ना?" ताई म्हणाली, "हो." मी तिला हळूच कोपरानं ढोसलं. तेव्हा ती खाली मान घालून बोलली, "साहेब, दिवसभर रानात खुरपायला असते. पाणी प्यायलं तर जायचं कुठं? म्हणून तांब्याभरसुद्धा पीत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नियम तोच राहिला, पण तिच्या दिवसाप्रमाणे बसवला. सकाळी उठल्यावर, कामावरून आल्यावर आणि झोपताना जास्त पाणी, रानात थोडं थोडं. आम्ही चौघींनी बांधाला बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा केला. पुढच्या तपासणीत खडा दिसला नाही. प्रत्येकीचं असंच होईल असं नाही, पण खरं सांगितलं म्हणून मार्ग निघाला.

आता त्याच घरातली दुसरी गोष्ट. सुनेचं पाहून सासूबाईही तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागल्या. त्यांचं हृदय कमजोर, पायांवर सूज. त्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं होतं. चार दिवसांत धाप लागली आणि दवाखान्यात न्यावं लागलं. सुनेचं औषध सासूला बाधलं.

आपल्या गटाची पंचसूत्री आठवा. परतफेड वेळेवर, हा नियम. पण एखादी बाळंतीण असली, तर आपण बैठकीत बसून तिचा हप्ता कसा घ्यायचा ते ठरवतो. नियम मोडत नाही, माणूसही मोडू देत नाही. पण त्यासाठी तिनं अडचण सांगावी लागते. दवाखान्यातही तसंच आहे.

म्हणून डॉक्टरांना न विचारताही एवढं सांगा. पाळी चुकली आहे का, दिवस गेले आहेत का; कारण मग एक्स-रे, सीटी स्कॅन आणि गोळ्यांचा विचार वेगळा होतो. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास आहे का. एकच किडनी आहे का. कोणत्या गोळ्या चालू आहेत. पाकिटंच सोबत न्या. काम कुठं करता, पाण्याची आणि संडासाची सोय आहे का. पुन्हा यायला गाडीभाडं परवडेल का, हेही सांगा.

खडा झाला म्हणून दूध-दही आपल्या मनानं बंद करू नका. त्यानं बहुतेकींना फायदा होत नाही, उलट तोटा होऊ शकतो. मीठ मात्र कमी करा. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर पाणी पीत घरी थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

डॉक्टरांना नियम माहीत असतात. आपलं रान आणि आपलं घर त्यांनी पाहिलेलं नसतं. ते आपणच सांगायचं. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.