नदीचे पाणी आणि बायकांची हाडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला ‘पाणी’ एवढाच विषय दिला आणि वीस मिनिटे दिली. पाणी म्हटले की आपल्या बोलण्यात प्रथम येते ती टंचाई. नळ किती वाजता आला, टँकर आला की नाही, कोणाची घागर आधी लागली. मी मात्र आज अशा मुलखाविषयी बोलणार आहे, की जेथे पाण्याला काडीचाही तोटा नव्हता. वर बर्फाचे डोंगर, बारमाही नदी, दारापुढून वाहणारे पाट आणि जिकडेतिकडे भाताची खाचरे. असा हा सुखवस्तु मुलूख. पण तेच पाणी पिऊन आणि त्याच पाण्यावरचा भात खाऊन तेथल्या बायकांची हाडे मोडू लागली. हा मुलूख जपानातला. प्रांताचे नाव तोयामा आणि नदीचे नाव जिंझू.

दुखणे सुरू होई ते कमरेपासून. बाई पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली, चार-सहा बाळंतपणे झालेली. कंबर धरते, मांड्या भरून येतात, चाल बदकासारखी फेंगडी होते. घरची माणसे म्हणणार, काम फार पडते, वय झाले. (हे आपल्याला कोणी भाषांतर करून सांगायला नको!) पुढे एखादे दिवशी पाय अडखळला की हाड मोडे. मग खोकल्याच्या उबळीने बरगडी मोडे. शेवटी अंथरुणावर नुसते कुशीवर वळवले तरी बाई किंचाळे. एका रोग्याच्या शवाची तपासणी झाली तेव्हा हाडे ७२ ठिकाणी मोडलेली आढळली. काही बायकांची उंची जवळजवळ फूटभर कमी झाली होती. त्या रात्रंदिवस ‘इताई, इताई’ म्हणून कण्हत. इताई म्हणजे दुखते; आपण ‘आई गं, आई गं’ म्हणतो तसेच. १९५५ साली हा प्रकार वर्तमानपत्रात आला आणि रोगाला नावही तेच पडले, इताई-इताई.

ध्यानात घ्या, पहिले रोगी १९१०च्या नंतर लवकरच दिसू लागले होते असे मानतात. म्हणजे चाळीस वर्षे या दुखण्याला नावदेखील नव्हते! कोणी त्याला घराण्यातले पाप म्हणे, कोणी त्या गावचे पाणी बाधते म्हणे. हे दुसरे बोलणे किती खरे होते, ते बोलणारालाही ठाऊक नव्हते.

त्या भागातले एक डॉक्टर, नोबोरु हागिनो, लष्करातली नोकरी आटोपून १९४६ साली घरच्या दवाखान्यात परतले. त्यांनाही आरंभी अपुरे अन्न आणि अतिश्रम हेच कारण वाटले. पण खाण्याची आबाळ आणि कष्ट शेजारच्या खोऱ्यातही होतेच की! मग त्यांनी नकाशा घेतला आणि रोग्यांच्या घरांवर एकेक खूण केली. खुणा पडल्या त्या सगळ्या जिंझूच्या पाटांखालच्या गावांत. दुसऱ्या नदीचे पाणी घेणाऱ्या गावांत रोग नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, कामिओका नावाची मोठी खाण होती. ती मित्सुई कंपनीची. तेथे शिसे आणि जस्त निघे.

जस्ताच्या खनिजात कॅडमियम नावाचा धातू थोडा थोडा मिसळलेला असतोच. खनिज पिठासारखे बारीक दळून त्यातले जस्त वेगळे काढण्याची रीत आली. उत्पन्न वाढले, लढायांच्या काळात तर फारच वाढले, आणि उरलेला बारीक गाळ नदीत जाऊ लागला. नदीतून पाटात, पाटातून खाचरात. पाणी खाचरात शिरते त्या तोंडाशी गाळ सर्वांत जास्त बसे. मासे मरतात आणि पीक खुरटते ही शेतकऱ्यांची ओरड जुनीच होती. पण भात दिसायला भातासारखाच होता. त्याला वास नाही की रंग नाही. आपण तांदूळ निवडतो, धुतो, पाखडतो. त्यातले काहीही येथे उपयोगाचे नव्हते, कारण विष दाण्याच्या आतच होते.

कॅडमियम पोटात गेले की ते मूत्रपिंडात साठते आणि तेथून वर्षानुवर्षे हलत नाही. मूत्रपिंड बिघडले की हाडांना लागणारी द्रव्ये लघवीवाटे निघून जातात आणि हाडे मऊ पडतात. मोठ्या माणसाचा मुडदूसच म्हणा. आता बायकांनाच का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रोगी जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. पुरुष अगदी थोडे. ज्याच्या अंगात लोह कमी त्याच्या पोटात कॅडमियम अधिक शोषले जाते, आणि अंगात लोह कोणाच्या कमी असते हे मी सांगायला नको. त्यात गरोदरपण, अंगावर पाजणे आणि पाळी जाण्याचे वय, या प्रत्येकात हाडांतून काही ना काही जातच असते. घरात सर्वांच्या पानात एकच भात होता. पण त्याची किंमत मोजली ती बहुतेक आईने.

१९६१ साली हागिनो आणि शेतीशास्त्रज्ञ किनइची योशिओका यांनी कॅडमियमचे नाव जाहीरपणे घेतले. डॉक्टरांचे कौतुक झाले असेल असे समजू नका. हा प्रसिद्धीसाठी बोलतो असा आक्षेप आला. गावकरीही चिडले. बोभाटा झाला तर आमचा तांदूळ कोण घेणार? आमच्या गावात मुली कोण देणार? मला हा राग पुरता चुकीचा म्हणवत नाही. ज्याचे पोट त्या तांदळावर, तो घाबरणारच. पण आतल्या खोलीत कण्हणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यामुळे आणखी काही वर्षांचे मौन आले, हेही खरे.

१९६८च्या मार्चमध्ये रोग्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कंपनीवर दावा लावला. मे महिन्यात सरकारनेही कारण मान्य केले. १९७१ साली तोयामाच्या न्यायालयात आणि १९७२च्या ऑगस्टमध्ये अपिलात निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला. विष नेमके कसकसे भिनते याचा शेवटचा तपशील हाती येईपर्यंत रोग्यांनी थांबावे, हे न्यायालयाने मानले नाही.

पण मला विशेष वाटते ते पुढचे. निकाल हाती येताच गावकरी कंपनीच्या तोक्योतल्या कचेरीत गेले आणि तीन कागद सहीनिशी घेऊन आले. एक रोग्यांच्या भरपाईचा, दुसरा शेतजमिनीचा आणि तिसरा असा, की गावकऱ्यांना वाटेल तेव्हा आपले तज्ज्ञ घेऊन कारखान्यात शिरता येईल, तपासता येईल, आणि खर्च कंपनी देईल. त्या वर्षापासून दरसाल गावकरी डोंगर चढून तेथे जात आले आहेत. कोणत्या नळातून काय वाहते ते स्वतः पाहतात आणि तज्ज्ञांना विचारतात. नदीच्या पाण्यातले कॅडमियम आज निसर्गतः असते त्याच्या जवळपास आले आहे. भरपाईचे पैसे खर्चून गेले असते; या तिसऱ्या कागदाने नदी परत दिली.

जमिनीचे काम मात्र फार जड गेले. नदी दरसाल वाहून कोरी होते, माती होत नाही. विषारी माती खाली गाडायची, वर चांगली माती पसरायची, बांध पुन्हा घालायचे. असे सुमारे ८६३ हेक्टर, म्हणजे दोन हजार एकरांहून अधिक शेत दुरुस्त करावे लागले. हे काम २०१२ साली संपले. तीस वर्षांहून अधिक काळ आणि चार हजार कोटी येनांच्या वर खर्च!

जाता जाता एक गंमत सांगते, गंमत म्हणवत नसली तरी. त्या कामिओकातले खनिज काढणे २००१ साली थांबले. पण त्याच डोंगराच्या पोटात, हजार मीटर खोल, शास्त्रज्ञांनी सूक्ष्म कण टिपण्यासाठी एक प्रचंड टाकी बांधली आहे. तीत ५०,००० टन पाणी आहे आणि ते अत्यंत शुद्ध लागते. तेथल्या संशोधनाला २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा शेवटची एकच हकीकत सांगते. नदी निवळली, शेते नवी झाली, तरी रोग्यांची यादी मिटलेली नाही. २०२२ साली तोयामातल्या ९१ वर्षांच्या एका आजीबाईंना इताई-इताईच्या रोगी म्हणून सरकारी मान्यता मिळाली. यादीतला त्यांचा क्रमांक २०१ वा. तरुणपणी खाल्लेला तो भात त्यांच्या अंगात तेव्हाही होता.