सायकल आणि ओझें

लांबच्या सायकलप्रवासाची पहिली परीक्षा सामान बांधतांनाच होते. १८९४ सालीं बॉस्टनची ॲनी लंडनडेरी जगप्रवासास निघाली, ती लांब झगा घालून, ४२ पौंडांच्या सायकलीवर. शिकागोस पोहोंचेपर्यंत ती इतकी थकली कीं, बेतच सोडून देणार होती. तेथें तिनें २१ पौंडांची पुरुषी सायकल घेतली, पुढें झग्याच्या जागीं तुमान आली. आणि १८९५ सालीं, वाटेंत आगबोटींचें साह्य घेत, प्रवास पुरा झाला.

आजही धडा तोच. सायकल अंगाच्या मापाची असावी. जड वस्तु सांगाड्याच्या त्रिकोणांत, अंथरूण हँडलवर, कपडे बैठकीमागें घट्ट आवळावे. सैल ओझें उतारावर तोल घालवितें. निघण्यापूर्वीं एक रात्र बाहेर काढून पाहावी. दुरुस्तीचें सामान वगळतां, जें लागलें नाहीं तें घरींच ठेवावें. चढावर प्रत्येक तोळा पायांनाच ओढावा लागतो.