कर कोणाचा, न्याय कोणाला?
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय तसा जुनाच आहे, परंतु अलीकडे तो ज्या तावातावाने बोलला जातो, त्यामुळे त्याचा शांतपणे विचार करण्याची वेळ आली आहे असे मला वाटते. सरकारने गरिबांसाठी कल्याणाच्या योजना चालवाव्यात काय, त्यांना न्यायालयात फुकट वकील द्यावा काय, आणि या साऱ्याचा भार कर भरणाऱ्याने सोसावा काय, हा तो प्रश्न. बसथांब्यावर, बाजाराच्या दिवशी कापडाच्या दुकानात, शाळेच्या शिक्षकखोलीत, कोठेही हा विषय निघाला की दोन तट पडतात, आणि बहुधा दोन्ही तट एकमेकांचे न ऐकताच घरी जातात.

प्रथम आक्षेप घेणाऱ्यांची बाजू मांडू. ते म्हणतात, मी घाम गाळून मिळवतो आणि सरकार त्यातला वाटा काढून, ज्याला मी पाहिलेही नाही अशा माणसाला देते. हा कोणता न्याय? दुसरे असे, की फुकटाची सवय माणसाला आळशी करते. आणि तिसरे, या पैशातला किती भाग खऱ्या गरजवंतापर्यंत पोचतो, आणि तोच पैसा रस्त्यांवर, शाळांवर, पाटबंधाऱ्यांवर खर्च केला असता तर अधिक हित झाले नसते काय? मोफत वकिलाच्या बाबतीत तर हा राग अधिकच तीव्र होतो. ज्याच्यावर चोरीचा आरोप आहे, त्याचा वकील माझ्या पैशाने का, असे लोक विचारतात. हे आक्षेप दुष्ट बुद्धीचे आहेत असे मी मानत नाही. कष्टाने संसार चालविणाऱ्या माणसाने पैशाचा हिशेब मागणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

परंतु हिशेब मागताना आपण 'करदाता' कोणास म्हणतो, हे एकदा तपासून पाहावे. बोलताना आपल्या डोळ्यांसमोर आयकर भरणारा नोकरदार किंवा व्यापारी असतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. साबणाची वडी, चपलांचा जोड, चहाची पुडी, यांतील प्रत्येक वस्तूच्या किमतीत कर मिसळलेला असतो. 2017 सालापासून वस्तू व सेवा कर आला, त्याच्या आधी विक्रीकर होता, नाव बदलले एवढेच. तूर काढणारी मजूर बाई आयकराचे विवरणपत्र भरीत नाही हे खरे, पण ती कर भरीत नाही हे खरे नव्हे. तेव्हा एका बाजूला देणारे आणि दुसऱ्या बाजूला घेणारे, अशी सरळ रेघ या देशात ओढताच येत नाही. तिजोरीत तिचाही पैसा आहे. प्रश्न एवढाच उरतो, की या सामाईक तिजोरीतून कोणत्या कामास पैसा द्यावा आणि कोणत्या रीतीने द्यावा.

हा प्रश्न आपल्या बिदर प्रांताला नवा नाही. दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी कीर्तनातून ऐकली आहे. दामाजीपंत मंगळवेढ्याचे अधिकारी, आणि राजा बिदरचा बादशहा. भयंकर दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली. ते धान्य दामाजीपंतांचे नव्हते, ते राज्याचे होते, म्हणजे शेतसाऱ्यातून आलेले होते. बादशहाने जाब विचारला. मग साक्षात पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बिदरला आला, त्याने धान्याची किंमत दरबारात भरली आणि रीतसर पावती घेतली, अशी परंपरा सांगते.

या कथेतील भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून राज्यकारभाराच्या दृष्टीने तिच्याकडे पाहा. लोकांनी पिकविलेले धान्य संकटकाळी लोकांना देणे हा तिथे अपराध ठरला होता, कारण तसा कायदा नव्हता. उपाशी माणसाचे जगणे एका अधिकाऱ्याच्या करुणेवर आणि एका चमत्कारावर अवलंबून होते. अधिकारी कठोर असता तर? पांडुरंग आला नसता तर? लोकशाही राज्याने यावर जो उत्तर शोधला, तो असा, की कोठार उघडण्याचा नियमच लिहून ठेवावा आणि त्याची किंमत सर्वांनी मिळून भरावी. त्या किमतीलाच आपण कर म्हणतो.

असा नियम प्रत्यक्षात कसा उतरतो, याचे उत्तम उदाहरण शेजारच्या महाराष्ट्रात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात एक प्रयोग आरंभला. ज्याला काम हवे आहे त्याला शासनाने काम द्यावे, ही त्यामागची कल्पना. 1972 च्या दुष्काळाने तिची कसोटी पाहिली आणि लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर जगली. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या योजनेसाठी 1975 साली व्यवसायकर बसविण्यात आला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून कपात झाली आणि दुष्काळी तालुक्यात पाझर तलाव, बांध, रस्ते झाले. त्यात खोट्या हजेरीपटाच्या आणि रखडलेल्या मजुरीच्या तक्रारी झाल्या, हेही खरे. तरीसुद्धा 2005 साली केंद्र सरकारने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. आळसाच्या आक्षेपालाही येथेच उत्तर मिळते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात खडी फोडायला आळशी मनुष्य जात नाही. ज्याच्या घरी चूल थंड आहे तोच जातो.

आता मोफत वकिलाकडे वळू, कारण खरी कसोटी तेथेच आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांत संत ईव्हो यांना वकिलांचे आश्रयदाते मानतात. हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले धर्मगुरू. गोरगरिबांचे दावे मोबदला न घेता चालवीत. 1303 साली वारले. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. परंतु प्रत्येक तालुक्याला एक संत मिळेल, या भरवशावर राज्य चालत नाही. संत निर्माण करणे माणसाच्या हाती नाही. कचेरी उघडणे मात्र आहे.

ती कचेरी उघडण्यास आपल्याकडे फार वर्षे लागली. 1949 साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. त्याच वर्षी इंग्लंडने मोफत कायदा-साहाय्याचा कायदा केला. आपल्याकडे मात्र अहवाल झाला आणि पैशाच्या अडचणीपुढे तो मागे पडला. 1976 साली 42व्या घटनादुरुस्तीने 39-अ हे कलम आले आणि केवळ दारिद्र्यामुळे कोणी न्यायास मुकू नये, ही राज्याची जबाबदारी ठरली. 1978 साली महाराष्ट्रातील होस्कोट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कैद्याला अपिलासाठी निकालाची प्रत वेळेवर आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर तोही मिळाला पाहिजे. 1979 साली हुसैनारा खातून खटला आला. बिहारच्या तुरुंगांत अशी माणसे सापडली, की ज्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ ती चौकशीविनाच कोंडलेली होती. हा निकाल देणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती हे 1949 च्या समितीच्या अध्यक्षांचे चिरंजीव. पित्याच्या समितीपासून पुत्राच्या निकालापर्यंत तीस वर्षे गेली. 1981 साली खत्री खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी बजावले, की पैसा नाही ही सबब सांगून राज्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही.

1987 साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो लागू झाला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कारखान्यातील कामगार, आपत्तीत सापडलेले आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याची यंत्रणा आहे. लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसल्याने भांडण तेथेच संपते.

आपल्या सीमाभागात या मदतीची गरज दुहेरी आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात आले. ठाणाकुशनूरच्या एखाद्या शेतकऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणा. पणजोबाच्या जमिनीचे कागद निजामी अमदानीतले, म्हणजे उर्दूत किंवा मोडीत, घरात मराठी, तालुक्याच्या कचेरीतून आलेली नोटीस कन्नडमध्ये, आणि उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत. 2008 सालापर्यंत उच्च न्यायालयासाठी सातशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून बेंगळुरू गाठावे लागे. त्या वर्षी कलबुर्गीस खंडपीठाची सोय झाली, एवढा दिलासा. अशा माणसाला नोटिशीचा अर्थ समजावून सांगणारे कोणी नसेल, तर तो तारखेला हजर राहत नाही, एकतर्फी हुकूम होतो आणि जमीन जाते. तो आळशी नसतो, लबाडही नसतो. त्याला फक्त कागद वाचता आलेला नसतो.

आता खर्चाचे पाहू. 2022 अखेर देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांपैकी 4,34,302, म्हणजे शंभरात पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते. त्यांचे अन्न, औषध, पहारा, न्यायालयात ने-आण, हा सारा खर्च आपणच करतो. वेळेवर वकील मिळाला असता तर ज्यांना जामीन मिळाला असता, अशांना कोंडून ठेवण्यासाठी आपण पैसा देतो आणि त्या वकिलासाठी देण्यास कुरकुरतो! 'इंडिया जस्टिस रिपोर्ट' या 2025 च्या अहवालाप्रमाणे मोफत कायदा-साहाय्यावर देशात माणशी वर्षाला सात रुपयांहूनही कमी खर्च होतो. इंग्लंडने 2012 च्या कायद्याने या साहाय्यात मोठी कपात केली, तेव्हा कौटुंबिक न्यायालयांत वकिलाविना उभे राहणारे पक्षकार वाढले. आणि ज्या पक्षकाराला कायद्याची रीत ठाऊक नाही, त्याच्या कामात न्यायालयाचा वेळ अधिक जातो. त्या वेळेची किंमतही करदाताच भरतो. चोराच्या वकिलाबद्दल बोलायचे, तर ज्याच्यावर आळ आला तो प्रत्येक जण चोर नसतो, हे वकिलावाचून ठरणार कसे?

याचा अर्थ सरकारने वाटलेला प्रत्येक रुपया सत्कारणी लागतो, असे मी म्हणणार नाही. आज सीमेच्या दोन्ही बाजूंना रोख रकमेच्या योजनांची चढाओढ दिसते. कर्नाटकात 2023 पासून 'गृहलक्ष्मी'चे दोन हजार रुपये आले, महाराष्ट्रात 2024 पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार. कर्नाटकाने पाच हमींसाठी 2024-25 च्या अंदाजपत्रकात सुमारे 52,000 कोटी रुपये ठेवले. या पैशाने अनेक घरांतील बाईच्या हाती प्रथमच स्वतःचे चार पैसे आले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्यापायी शाळेत शिक्षक नेमायला आणि दवाखान्यात औषध ठेवायला पैसा उरत नसेल, तर तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग कसोटी कोणती? मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, मदत कायद्याने ठरलेला हक्क असावी. पुढाऱ्याच्या छायाचित्राखाली दिलेली भेट नसावी. दुसरी, तिचा हिशेब गावाच्या चावडीवर वाचला जावा. आणि तिसरी, मदतीने माणूस आपल्या पायांवर उभा राहावा. बसवकल्याणच्या भूमीत बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द एकत्र दिले. कायक म्हणजे श्रम हीच पूजा, आणि दासोह म्हणजे श्रमाचे फळ समाजात वाटून घेणे. 2002 साली आपल्या या मागास जिल्ह्यांत शाळेतील दुपारचे जेवण 'अक्षर दासोह' या नावाने सुरू झाले. त्या नावात अन्नही आहे आणि अक्षरही आहे. ताटावर बसलेले मूल आळशी होत नाही, ते वर्गात थांबते, हे कोणताही शिक्षक सांगेल. या कसोट्यांना शाळेचे जेवण उतरते, रोजगार हमी उतरते आणि मोफत वकील तर सर्वांत आधी उतरतो, कारण इतर सारे हक्क हिरावले गेले तर ते परत मिळविण्याची वाट न्यायालयातूनच जाते.

म्हणून माझे मत असे, की करदात्याने हा भार अवश्य उचलावा आणि डोळे उघडे ठेवून उचलावा. कर भरणाऱ्याला हिशेब विचारण्याचा जेवढा अधिकार आहे, तेवढाच अधिकार गरजवंताला दार ठोठावण्याचा आहे. ते दार कोठे आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते, ही आपली खरी उणीव. न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीची कचेरी असते. साध्या कागदावरचा अर्ज तेथे चालतो. 15100 या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य चौकशी करता येते. श्रोत्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येते, त्यांनी आपल्या शेजारच्या एखाद्याला आलेली नोटीस वाचून दाखवावी आणि हे दार दाखवावे. त्यासाठी तर कोणताही कर लागत नाही.