पेल्यामागचे बालपण



मद्यपी माणसाविषयी समाजाने दोनच निदाने करून ठेवली आहेत : संगत वाईट, नाहीतर मन दुबळे. तिसऱ्या कारणाकडे लक्ष वेधले गेले ते अमेरिकेतील सॅन दिएगो येथे, आणि तेही लठ्ठपणावरील उपचारांतून. वजन उत्तम उतरत असलेले रुग्णच मध्येच उपचार सोडून जात. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांनी विचारपूस केली, तेव्हा त्यांतील अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी हजारो प्रौढांना बालपणाविषयी प्रश्न विचारले. निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मारहाण, मानहानी, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातील व्यसन, मनोविकार, तुरुंगवास असे सात प्रकार त्यांनी धरले होते. यांपैकी काहीही न सोसलेल्यांत स्वतःला मद्यासक्त म्हणवणारे शंभरांत सुमारे ३ होते. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत सुमारे १६. ही माणसे बहुतांशी सुशिक्षित, मध्यमवर्गीय होती. ‘चांगल्या घरात असे घडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सतत भयात वाढलेल्या मुलाचे शरीर धोका टळल्यावरही सावधच राहते. रात्री दाराची कडी वाजली की वडील कोणत्या अवस्थेत आले असतील, याचा अंदाज ते पावलांच्या आवाजावरून घेते. मद्य मेंदूची उत्तेजना मंदावते. म्हणून तारुण्यात पहिला पेला घेतल्यावर मित्रांना मौज वाटते, तर याला प्रथमच निवांत वाटते. कालांतराने तेवढ्याच निवांतपणासाठी मात्रा वाढवावी लागते आणि नशा उतरताना अस्वस्थता दुणावते. अशा माणसाची केवळ बाटली काढून घेतली, तर जुने दुखणे तसेच उरते. पुण्यात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या मुक्तांगण केंद्रात रुग्णाबरोबर कुटुंबीयांशीही संवाद साधला जातो, तो उगाच नव्हे.

मात्र याच आकड्यांनुसार चार आघात सोसूनही शंभरांतील सुमारे ८४ जणांनी स्वतःला मद्यासक्त म्हटले नव्हते. तेव्हा अशा मुलाकडे ‘हाही बापाच्याच वाटेने जाणार’ अशा नजरेने पाहणे अन्यायाचे आहे. विश्वासाचे एखादे मोठे माणूस लाभले, तर फार फरक पडतो. पहिल्या तासाला पेंगणारे, मित्रांना कधीच घरी न बोलावणारे, पालकसभेची चिठ्ठी दप्तरातच दडवणारे मूल बेशिस्त ठरवण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी त्याला एकांतात, न रागावता, रात्री झोप लागली का, एवढे विचारावे. घरी धोका असल्यास १०९८ या क्रमांकावर विनाशुल्क मदत मागता येते.