घरचे यंत्र आणि घराचे काम
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपणांपैकी पुष्कळांच्या दारी आज ट्रॅक्टर उभा आहे. कोणाकडे काँक्रीटचा मिक्सर आहे, तर कोणाच्या मुलाने कर्ज काढून जेसीबी घेतला आहे. भोर-वेल्ह्याकडे डोंगरउतारावर घर बांधावयाचे म्हणजे आधी उतार खणून जागा सपाट करावयाची आणि मृगाच्या आत जोते वर आणावयाचे. अशा वेळी घरचे यंत्र असता भाडे का भरावे, हा विचार कोणासही सुचतो. मलाही सुचला. त्याचे काय झाले, ते प्रांजळपणे सांगावयाचे आहे.

निवृत्तीनंतर मी गावी घर बांधावयास काढले. ठेकेदार नात्यातलेच, कामाला चोख. मुलाचा जेसीबी मी त्यांच्या हवाली केला. यंत्र आमचे, चालक व डिझेल तुमचे, आणि भाड्याची रक्कम बिलातून वजा, एवढेच तोंडी ठरले. तास कोणी मोजावयाचे, बिघाड झाल्यास दुरुस्ती कोणाची, यांतील एक अक्षरही कागदावर आले नाही. "आपल्या माणसाशी कागद कसला?" असे मीच मुलाला दटाविले.

यंत्राच्या हायड्रॉलिकच्या एका पाइपातून तेल झिरपत होते. मुलाने ते मला सांगितले होते. मी ठेकेदारांस सांगितले नाही. सांगितले तर काम थांबेल, ही धास्ती. तिसऱ्या आठवड्यात तो पाइप फुटला, दगडांनी भरलेली पुढची बकेट खाली आली आणि शेजारी उभ्या असलेल्या मजुराच्या पायाचे हाड मोडले.

मग वाद पेटला. ते म्हणत, यंत्र सदोष. मी म्हणे, चालक तुमचा. अखेर वकिली करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला भारतीय करार कायदा, १८७२ समजावून दिला. कलम १५० प्रमाणे वस्तू देणाऱ्याने स्वतःस ठाऊक असलेला दोष घेणाऱ्यास सांगितलाच पाहिजे. वस्तू भाड्याने दिली असेल, तर दोष ठाऊक नव्हता ही सबबही चालत नाही. आणि बिलातून वजा केलेले भाडे हेही भाडेच. कलम १५१ प्रमाणे घेणाऱ्याने सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावयाची. ठरल्याहून निराळ्या कामास वस्तू लावली, तर त्यातून होणारे नुकसान कलम १५४ घेणाऱ्यावर टाकते. हे ऐकून मी खाली पाहिले. आयुष्यभर मुलांस 'खरे बोला' शिकविणारा मी, नेमका तेथेच चुकलो होतो.

मी मजुराच्या घरी गेलो व सर्व कबूल केले. तो इतकेच म्हणाला, "गुरुजी, आधी सांगितलं असतं, तर मी लांब उभा राहिलो असतो." औषधोपचाराचा खर्च मी दिला, तो बरा होईपर्यंतची मजुरी ठेकेदारांनी व मी निम्मी निम्मी दिली. नाते टिकले, पण त्याच्या पायात थोडा लंगडेपणा राहिला.

म्हणून माझे सांगणे असे. शक्य तर यंत्र देऊच नये. दिलेच तर आपल्या विश्वासाच्या चालकासह द्यावे. चालकाचा परवाना व यंत्राचा विमा आधी पाहावा; परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देणाऱ्या मालकास मोटार वाहन कायदा, १९८८ हाही दोषी धरतो. तासांचा दर, डिझेल, दुरुस्ती आणि नेमके काम लिहून काढावे. मीटरवरील तास रोज सायंकाळी वहीत मांडून दोघांनी सही करावी. आणि सर्वांत आधी, यंत्रातील दोष लिहून द्यावेत.

कागद केल्याने नाते तुटत नाही, बंधूंनो. लपविल्याने मात्र दुसऱ्याचा पाय मोडतो.