भास्कराचार्यांचे वानर



समीकरण सुटले की प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र आढळतो. तो किती अपुरा आहे, हे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणित-भागात दाखवून दिले आहे.

तेथे वानरांची दोन उदाहरणे आहेत. एकात कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनात रमले आहेत आणि उरलेले १२ टेकडीवर आहेत. कळपाची संख्या १६ किंवा ४८ येते. दोन्ही उत्तरे पडताळ्यास उतरतात व आचार्य दोन्ही स्वीकारतात.

दुसऱ्यात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले असून एक फांदीवर दिसतो. येथे उत्तरे ५० आणि ५. आकडेमोडीच्या दृष्टीने ५ ही संख्याही निर्दोष आहे. परंतु ५ चा पंचमांश १. त्यातून ३ वानर कसे वजा करावेत? उणे दोन वानर कोणी पाहिले आहेत? म्हणून आचार्य ५ त्याज्य ठरवितात.

येथे कळपाची संख्या ५ च्या पटीतली आणि निदान १५ असली पाहिजे. ही मर्यादा समीकरणात लिहिलेली नसते; ती वानरांच्या वास्तवातून येते. समीकरणाला वानर ठाऊक नसतात. ते सोडविणाऱ्याला ठाऊक असावे लागतात.